बाटली भरण्याआधी: पाण्याच्या संशोधनात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

नळ एकच. रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडल्याबरोबर पहिला लिटर बाटलीत धरला, तर त्यात शिसं सापडू शकतं. तोच नळ पाच मिनिटं वाहू देऊन बाटली भरली, तर शिसं नावापुरतंच उरतं. यंत्र तेच, तपासणारा माणूस तोच, आणि आकडे दोन्ही खरे. शिसं बहुतेक वेळा नदीतून येत नाही. ते घरापर्यंत आलेल्या जुन्या जोडनळीतून, सोल्डरमधून, पितळी फिटिंगमधून थांबलेल्या पाण्यात उतरत राहतं आणि नळ सोडला की वाहून जातं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला, त्यानंतरच्या प्रकरणात हाही एक वादाचा मुद्दा होता. नमुना घेण्याआधी नळ काही मिनिटं सोडून ठेवा, अशी सूचना रहिवाशांना दिलेली होती. अशा सूचनेने कागदावरचा आकडा खाली येतो, माणसं पितात ते पाणी मात्र तसंच राहतं.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचं लक्ष बहुधा महागड्या यंत्रांकडे असतं. माझंही होतं. पण यंत्र फक्त बाटलीतल्या पाण्याबद्दल बोलतं. नदीबद्दल किंवा विहिरीबद्दल ते काही सांगेल की नाही, हे बाटली भरतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणून हा लेख मुख्यतः प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच्या कामाबद्दल आहे.

पहिली पायरी: प्रश्न नीट मांडा

‘या नदीचं पाणी कसं आहे?’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. कशासाठी, कोणत्या महिन्यात, कशाच्या तुलनेत, हे ठरल्याशिवाय किती बाटल्या भरायच्या तेही ठरत नाही. ‘सांडपाण्याचा नाला मिळाल्यानंतर ऑक्सिजन किती अंतरावर पूर्ववत होतो?’ किंवा ‘पावसाळ्याआधी आणि नंतर या दहा विहिरींतल्या नायट्रेटमध्ये फरक पडतो का?’ असे प्रश्न घ्या. त्यांतून ठिकाणं, वेळा आणि तपासायचे घटक आपोआप बाहेर येतात.

१८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं पाणी तपासून पाहिलं होतं. त्यात फारसं काही दिसलं नाही. मग कोण दगावलं आणि ते पाणी कुठून भरत होतं, याची घरोघरी विचारपूस करून त्यांनी पंपावर बोट ठेवलं. जंतू माहीत नव्हता, पण प्रश्न चोख होता.

उलट उदाहरण बांगलादेशचं. तिथे उघड्यावरच्या पाण्याने होणारे जुलाब टाळावेत म्हणून १९७०च्या दशकापासून लाखो उथळ कूपनलिका खोदल्या गेल्या. जंतूंच्या दृष्टीने ते पाणी खरोखरच चांगलं होतं. आर्सेनिक मात्र तेव्हा नेहमीच्या तपासणीच्या यादीत नसायचं, आणि त्याला रंग, वास, चव काहीच नसते. भूजलातलं आर्सेनिक तिथे १९९३ साली नोंदलं गेलं, तोवर लोक वर्षानुवर्षं ते पीत होते. म्हणून घटकांची यादी प्रयोगशाळेच्या दरपत्रकातल्या ‘पॅकेज’वरून उचलू नका. जमिनीखाली कोणता खडक किंवा गाळ आहे, वर शेती आहे की कारखाने, खतं कोणती पडतात, हे बघून यादी करा.

दुसरी पायरी: आधीची आकडेवारी चाळा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण दोन आठवडे इथे घालवले तर पुढचे सहा महिने वाचतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा जेम्स-वॉटर हा उपक्रम १९७८पासून चालू आहे आणि देशोदेशीची पाण्याच्या गुणवत्तेची आकडेवारी त्यांच्या जेम्स्टॅट या साठ्यात मिळते. नद्यांच्या प्रवाहाच्या नोंदी जर्मनीतल्या कोब्लेन्झच्या जागतिक केंद्रात जमा होतात. ग्रेस उपग्रहांची जोडी २००२ ते २०१७ आणि तिची पुढची आवृत्ती २०१८पासून गुरुत्वाकर्षणातल्या बारीक बदलांवरून भूजलाची घट-वाढ दाखवते. मात्र ती शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यांसाठी. तुमच्या दहा विहिरींचं त्यात काही दिसणार नाही. त्यासोबत भूगर्भीय नकाशा, जमीनवापराचा नकाशा आणि पावसाच्या नोंदी काढून ठेवा.

तिसरी पायरी: जागा आणि वेळ

नाला नदीला मिळाला की त्याचं पाणी लगेच मिसळत नाही. दोन्ही पाणी बरंच अंतर शेजारी शेजारी वाहतं, कधी कधी रंगावरूनही ओळखू येतं. तिथे डाव्या काठाची बाटली आणि उजव्या काठाची बाटली दोन वेगळ्या नद्यांच्या वाटतील. यावर सोपा उपाय म्हणजे ईसी मीटर (विद्युत वाहकता मोजणारा) घेऊन पात्राच्या रुंदीत पाच ठिकाणी वाचन घ्यायचं. आकडे जुळले तर पाणी मिसळलेलं आहे. नाही जुळले तर आणखी खाली जा, किंवा रुंदीभर थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र करा.

पात्रात उतरणार असाल तर प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा आणि बाटली स्वतःच्या पुढे, वरच्या अंगाला धरा. पायांनी ढवळलेला गाळ मग मागे निघून जातो. बाटलीचं तोंड पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटिमीटरवर हवं. वर तरंगणारी साय नको आणि तळाचा गाळही नको. पाणी गुडघ्याच्या वर असेल आणि वेग असेल तर उतरू नका, पुलावरून दोरीने बादली सोडा. एकट्याने जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

तलावात खोलीचा प्रश्न येतो. उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी आणि खालचं गार पाणी मिसळत नाही. वर ऑक्सिजन भरपूर आणि तळाशी जवळपास शून्य, असं एकाच तलावात एकाच दुपारी आढळतं. पारदर्शकता मोजायला सेक्की तबकडी पुरते: ती पाण्यात सोडायची आणि कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते ते टिपायचं. अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात पहिल्यांदा वापरलेली ही पांढरी थाळी आजही कालबाह्य झालेली नाही. तलावांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी घ्या.

विहिरींच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे खरं. पण संशोधनात आडात आहे तेही पोहऱ्यात येईलच असं नाही. निरीक्षण विहिरीच्या पाइपमध्ये उभं राहिलेलं पाणी हवेशी आणि पाइपच्या धातूशी खेळत बसलेलं असतं. आजूबाजूच्या खडकातलं पाणी त्याहून वेगळं. म्हणून नमुन्याआधी उपसा करायचा. ढोबळ नियम साठ्याच्या तिप्पट पाण्याचा आहे. १५ सेंटिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये २० मीटर पाणी उभं असेल तर साठा सुमारे ३५३ लिटर होतो, म्हणजे हजार लिटरच्या वर पाणी बाहेर काढायचं. त्या वेळी दर पाच मिनिटांनी तापमान, पीएच आणि ईसी टिपत राहा. तिन्ही आकडे स्थिरावले की बाटली पुढे करा, त्याआधी नाही.

वेळेचं म्हणाल तर पूर हातचे सोडू नका. वर्षभरात नदी जेवढा गाळ आणि गाळाला चिकटलेला फॉस्फरस वाहून नेते, त्यातला मोठा वाटा पुराच्या मोजक्या दिवसांत जातो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, कोरड्या हवेत, सोयीच्या वेळी नमुने घेणाऱ्याच्या वहीत तो कधीच येत नाही. शिवाय गाळाचं प्रमाण बरेचदा पाणी शिगेला पोचण्याआधीच शिगेला पोचून उतरूही लागतं. पूर ओसरायला लागल्यावर धावत गेलात तर उशीर झालेला असतो.

चौथी पायरी: विसर्ग मोजा, नाहीतर आकडा अर्धाच

उन्हाळ्यात नायट्रेट वाढलं म्हणजे कुठून तरी जास्त नायट्रेट यायला लागलं, असं नाही. पाणी आटलं म्हणूनही ते वाढतं. हा गोंधळ विसर्ग (नदीच्या छेदातून सेकंदाला किती पाणी जातं तो आकडा) माहीत असला तरच सुटतो.

करंट मीटर (प्रवाहाचा वेग मोजणारा) नसेल तर तरंगत्या लाकडाच्या तुकड्यावर भागतं. समजा पात्र ४ मीटर रुंद आणि सरासरी अर्धा मीटर खोल आहे, म्हणजे छेद २ चौरस मीटर. सरळ, एकसारख्या भागात १० मीटर अंतर आखा. तुकड्याला २० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून त्याला ०.८५ने गुणा: ०.४२५. छेदाने गुणल्यावर विसर्ग आला सेकंदाला ०.८५ घनमीटर. वेळ निदान तीनदा घ्या, कारण तुकडा काठाला अडकतो, भोवऱ्यात फिरतो, नाना नखरे करतो.

आता त्या दिवशी नायट्रेट-नायट्रोजन (नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन) लिटरला ३ मिलिग्रॅम असेल, तर ०.८५ × ३ × ८६.४ = दिवसाला सुमारे २२० किलो नायट्रोजन त्या छेदातून गेलं. हा ८६.४ पाठ करून ठेवा. लिटरला १ मिलिग्रॅम आणि सेकंदाला १ घनमीटर असेल तर दिवसाचे ८६.४ किलो होतात, इतकंच.

पाचवी पायरी: कोणत्या घटकाला कोणती बाटली

कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड अशा मुख्य आयनांसाठी साधी पॉलिथिनची बाटली चालते. त्याच पाण्याने तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, बर्फात ठेवायची.

विरघळलेल्या धातूंसाठी मात्र क्रम पाळावाच लागतो. आधी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी गाळायचं, मग नायट्रिक आम्ल घालून पीएच २च्या खाली आणायचा. उलट केलं तर आम्ल गाळाच्या कणांतले धातूही विरघळवतं आणि अहवालात पाण्यात नसलेलं लोखंड येतं. गाळून आम्ल घालायचं राहिलं तर दुसरीच गंमत होते. खोल विहिरीचं स्वच्छ दिसणारं पाणी हवा लागताच तासाभरात पिवळट होतं आणि तळाशी तांबूस साका बसतो. तो साका लोखंडाचा असतो आणि आर्सेनिकला ओढून घेतो. वरचं पाणी तपासलं तर दोन्ही कमी भरतात.

जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लागते. पाणी क्लोरिनचं असेल तर त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं, नाहीतर उरलेला क्लोरिन प्रवासातही जंतू मारत राहतो. म्हणून ही बाटली विसळायची नाही. काठोकाठ भरायची नाही, कारण हलवायला वर जागा लागते. बर्फात ठेवून शक्यतो ६ ते ८ तासांत पोचवा, २४ तासांच्या पुढे मात्र नाहीच. कीटकनाशकांसाठी गडद काचेची, टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण असलेली बाटली.

आणि नाव झाकणावर लिहू नका! पहिल्या मोठ्या फेरीत मी चोवीस बाटल्यांच्या झाकणांवर मार्करने सुबक क्रमांक घातले होते. प्रयोगशाळेत आम्ल घालताना सगळी झाकणं निघाली, ओळीने ठेवली गेली आणि ओळ कुणाच्या तरी कोपराने विस्कटली. चोवीस निनावी बाटल्या. ईसी मोजून वहीशी ताडून त्यातल्या सात ओळखल्या, बाकी ओतून दिल्या. तेव्हापासून बाटलीच्या अंगावर, न पुसणाऱ्या शाईने, आणि वरून चिकटपट्टी.

सहावी पायरी: जागेवरच मोजायचं ते जागेवरच

तापमान, पीएच, ईसी, विरघळलेला ऑक्सिजन (सगळे डीओ म्हणतात) आणि गढूळपणा हे बाटलीत भरून नेता येत नाहीत. भूजल वर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच चढतो. संध्याकाळी प्रयोगशाळेत मोजलेला पीएच हा बाटलीचा पीएच असतो.

मीटर रोज सकाळी कॅलिब्रेट करा. पीएचसाठी आधी ७चं बफर (ठरावीक पीएचचं द्रावण), मग पाणी ज्या बाजूला अपेक्षित आहे त्यानुसार ४ किंवा १०चं. दिवस संपल्यावर पुन्हा ७च्या बफरमध्ये बुडवून काय दाखवतं ते वहीत लिहा, म्हणजे दिवसभरात मीटर किती सरकला ते कळतं. हे संध्याकाळचं वाचन फार थोडे लोक घेतात.

ईसी तापमानाबरोबर बदलते, एका अंशाला साधारण २ टक्के. म्हणून ती २५ अंशाला आणून लिहायची पद्धत आहे. मीटर हे आपोआप करतो की नाही, ते सेटिंगमध्ये एकदा पाहून घ्या. खिशातल्या ‘टीडीएस मीटर’बद्दल एक गैरसमज पक्का आहे. तो क्षार मोजत नाही. तो ईसीच मोजतो आणि ०.५ ते ०.७ यांमधल्या कुठल्या तरी गुणकाने गुणून दाखवतो. दोन कंपन्यांचे मीटर एकाच पेल्यात वेगळे आकडे दाखवतात ते यामुळे. आर्सेनिक, कीटकनाशक, जंतू यांबद्दल तो मुका आहे. मी वहीत ईसीच लिहितो.

डीओसाठी ताडून पाहायचे आकडे जवळ असू द्या. समुद्रसपाटीला हवेशी समतोल असलेलं गोडं पाणी ० अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१, ३० अंशाला ७.६ इतका ऑक्सिजन धरतं. मीटरवर शंका आली तर विंकलरची पद्धत आहेच. १८८८ची आहे, बाटलीतच ऑक्सिजन ‘बांधून’ टाकते आणि नंतर निवांत अनुमापन करता येतं.

सातवी पायरी: स्वतःवर संशय घ्या

दर दहा नमुन्यांमागे एक ब्लँक आणि एक डुप्लिकेट. ब्लँक म्हणजे प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी क्षेत्रावर न्यायचं, तिथे त्याच फिल्टरमधून गाळायचं, तेच आम्ल घालायचं, त्याच पेटीतून परत आणायचं. त्यात जस्त सापडलं तर ते नदीचं नाही, तुमच्या सामानाचं. डुप्लिकेट म्हणजे त्याच जागी लागोपाठ भरलेली दुसरी बाटली, प्रयोगशाळेला न सांगता वेगळ्या क्रमांकाने दिलेली. यात खर्च वाढतो म्हणून हेच आधी कापलं जातं. माझं मत विचाराल तर दोन ठिकाणं कमी करा, पण हे ठेवा.

आठवी पायरी: अहवाल हातात आल्यावर

आलेख काढायच्या आधी आयनांचा ताळा करा. पाण्यावर एकूण विद्युतभार शून्य असतो, म्हणून धन आणि ऋण आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (मिलिग्रॅमला त्या आयनाच्या तुल्यभाराने भागून) सारखी यायला हवी. एक उदाहरण, सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. कॅल्शियम ६० भागिले २०.०४ म्हणजे २.९९. मॅग्नेशियम २४ भागिले १२.१५ म्हणजे १.९८. सोडियम ४६ भागिले २२.९९ म्हणजे २.००. पोटॅशियम ४ भागिले ३९.१ म्हणजे ०.१०. धन बाजू झाली ७.०७. दुसरीकडे बायकार्बोनेट २४४ भागिले ६१.०२ म्हणजे ४.००, क्लोराइड ७१ भागिले ३५.४५ म्हणजे २.००, सल्फेट ४८ भागिले ४८.०३ म्हणजे १.००, नायट्रेट ६ भागिले ६२ म्हणजे ०.१०. ऋण बाजू ७.१०. फरकाला एकूण बेरजेने भागलं तर चूक ०.२ टक्के. झकास.

आता हाच अहवाल पुन्हा बघू. प्रयोगशाळेने बायकार्बोनेटऐवजी ‘अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) २००, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात’ असं लिहिलं होतं आणि घाईत तुम्ही २०० हेच बायकार्बोनेट धरलं. ऋण बाजू घसरून ६.३८ होते आणि चूक ५.१ टक्क्यांवर जाते. ५ टक्क्यांच्या आत असावी असा संकेत आहे, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे लगेच दिसतं. पाणी तेच, घोळ एककाचा: त्या रूपातले २०० म्हणजेच बायकार्बोनेटचे २४४. आणखी एक झटपट ताळा असा: धन बेरीज गुणिले १०० म्हणजे अंदाजे ईसी. इथे ७००च्या आसपास मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर यायला हवी. क्षेत्रावरच्या वहीत १४०० असेल तर बाटल्या बदलल्या आहेत का ते शोधा.

नायट्रेटच्या एककाने तर भले भले घसरतात. नायट्रेट म्हणून लिहिलेला आकडा आणि नायट्रोजन म्हणून लिहिलेला आकडा यांत ४.४३ पटींचा फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यासाठीचं ५० मिलिग्रॅमचं मार्गदर्शक मूल्य नायट्रेट म्हणून आहे. नायट्रोजन म्हणून तेच ११.३ होतं. फ्लोराइडसाठी ते १.५ मिलिग्रॅम आणि आर्सेनिकसाठी १० मायक्रोग्रॅम आहे. ही मूल्यं माणसाने प्यायच्या पाण्याची. ओढ्यातल्या माशांना आणि किड्यांना ती लावू नका.

‘आढळलं नाही’ म्हणजे शून्य नव्हे. यंत्राला ५ मायक्रोग्रॅमच्या खालचं दिसत नसेल तर तक्त्यात ‘५पेक्षा कमी’ असंच लिहा. तिथे शून्य किंवा अडीच भरून सरासरी काढली की ती सरासरी पाण्याची राहत नाही. आणि सगळे घटक एका ‘गुणवत्ता निर्देशांका’त कोंबायचा मोह आवरा. बाकी सगळं उत्तम असलेल्या पाण्यातलं जास्तीचं आर्सेनिक त्या एका आकड्यात सहज लपतं.

पहिला सराव

मोठ्या अभ्यासाआधी एक दिवस-रात्र द्या. शेवाळ किंवा पाणवनस्पती असलेला संथ ओढा किंवा तळं निवडा. एकाच जागी, एकाच खोलीवर, दर दोन तासांनी चोवीस तास डीओ, तापमान, पीएच आणि ईसी लिहा. दुपारी ३० अंशाला ११ मिलिग्रॅम डीओ दिसला तर घाबरून मीटर बदलू नका. ते १४५ टक्के संपृक्त पाणी आहे (त्या तापमानाला धरायच्या ७.६च्या जवळपास दीडपट), शेवाळाला चिकटलेले बुडबुडेही दिसतील. पीएचही तेव्हा चढलेला असेल, कारण वनस्पतींनी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालू राहतं, आणि दोन्ही आकडे उतरत जातात. ईसीची रेघ बहुधा आडवीच राहील. ती अचानक उचलली तर वरच्या अंगाला कुणी काही सोडलं का, ते चालत जाऊन पाहा. सगळ्यात खालचा डीओ सूर्योदयाच्या जरा आधी मिळतो, आणि झोपेमुळे चुकतात ती नेमकी पहाटे चारची आणि सहाची वाचनं. म्हणून दोघांनी पाळी लावून घ्या, गजर दोन फोनवर लावा आणि मीटरला नवे सेल घालूनच निघा.